कोल्हापूर संस्थानातील माणसाळवलेले चित्ते : हाताळणी, फिरवणे आणि मोकळीक – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

कोल्हापूर संस्थानाच्या इतिहासाचा विचार करताना राजर्षी शाहू छत्रपतींचे सामाजिक सुधारणेचे कार्य, शिक्षणप्रसार, राधानगरीचे धरण, कुस्ती आणि संगीताला मिळालेला राजाश्रय हे विषय प्रामुख्याने समोर येतात व त्यांवर विपुल लेखनही झाले आहे. या सर्वांच्या सोबतीने या संस्थानात माणूस आणि प्राणी यांच्या सहवासाचाही एक इतिहास घडला. हत्तींच्या झुंजींसाठी बांधलेली साठमारी आजही कोल्हापूर शहरात पाहावयास मिळते. नवीन राजवाड्यातील वस्तुसंग्रहालयात शिकारीची साधने व भुसा भरून ठेवलेले प्राणी जतन केलेले आहेत. या इतिहासातील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण प्रकरण म्हणजे शिकारीसाठी माणसाळवलेल्या चित्त्यांचे होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करण्याची प्राचीन परंपरा ज्या मोजक्या संस्थानांनी टिकवून धरली, त्यांत कोल्हापूर आणि भावनगर ही दोन नावे अग्रक्रमाने घ्यावी लागतात.

चित्त्याच्या शिकारीसंबंधीचे बहुतेक लेखन शिकाऱ्याच्या किंवा राजाच्या दृष्टिकोनातून झालेले आहे. धावेचा तो थरारक क्षण सर्वांनी वर्णिला. परंतु तो क्षण काही सेकंदांचा असे. दिवसाचे उरलेले तास तो प्राणी कोठे असे, त्याला कोण हाताळत असे, त्याला बाहेर कसे नेले जाई आणि त्या बाहेर जाण्याचा अर्थ काय होता, हे प्रश्न मात्र मागे राहिले. प्रस्तुत शोधनिबंधात या दैनंदिन बाजूचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) चित्ता माणसाळवण्याच्या पद्धतीचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) कोल्हापूर संस्थानातील चित्त्यांच्या परंपरेचे स्थान निश्चित करणे.
३) चित्त्यांची देखभाल करणाऱ्या वर्गाच्या ज्ञानाची व सामाजिक स्थितीची दखल घेणे.
४) ‘बाहेर फिरवणे’ आणि ‘मोकळीक देणे’ या दोन कल्पनांतील भेद ऐतिहासिक पुराव्यांच्या आधारे स्पष्ट करणे.

सदर अभ्यासासाठी प्रकाशित ऐतिहासिक ग्रंथ, प्रवासवर्णनपर व निसर्गविषयक लेखन आणि आधुनिक प्राणिशास्त्रीय निष्कर्ष अशा साधनांचा उपयोग केला असून वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

चित्ता : नाव आणि ओळख

‘चित्ता’ हा शब्द संस्कृत ‘चित्रक’ या शब्दाशी जोडला जातो. अंगावर ठिपके असलेला, असा त्याचा अर्थ आहे. मराठी बोलीत आजही बिबट्याला सर्रास चित्ता म्हटले जाते. इंग्रजी लेखकांनीही चित्त्याचा उल्लेख ‘शिकारी बिबट्या’ अशा अर्थाच्या नावाने केल्यामुळे जुन्या नोंदी वाचताना गोंधळ होतो. वस्तुतः हे दोन प्राणी स्वभावाने भिन्न आहेत. बिबट्या दबा धरून झडप घालतो, झाडावर चढतो आणि झाडीच्या आडोशाला राहतो. चित्ता उघड्या माळरानाचा प्राणी आहे. तो सडपातळ असून त्याच्या नख्या मांजरकुळातील इतर प्राण्यांप्रमाणे पूर्णपणे आत ओढल्या जात नाहीत. ताशी सुमारे १०० किलोमीटरचा वेग तो अल्पकाळ गाठू शकतो, परंतु काही शे मीटर धावल्यानंतर त्याला थांबावे लागते. माणसावर तो सहसा हल्ला करीत नाही. या सौम्यपणामुळेच सिंह, वाघ व बिबट्या यांपेक्षा चित्त्याला हाताशी धरणे शक्य झाले.

येथे एक संकल्पनात्मक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. एखादा वन्य प्राणी पकडून त्याला माणसाची सवय लावणे म्हणजे माणसाळवणे होय. माणसाच्या सहवासात त्याची पिढ्यान्‌पिढ्या पैदास होऊ लागली म्हणजे तो प्राणी पाळीव ठरतो. गाय, घोडा, कुत्रा हे पाळीव आहेत. चित्ता शतकानुशतके माणसाळवला गेला, तथापि तो पाळीव कधीच झाला नाही. पुढील विवेचनाचा आधार हाच भेद आहे.

प्राचीन व मध्ययुगीन पूर्वपीठिका

चित्त्याकरवी शिकार करण्याची परंपरा दख्खनला परकी नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मृगयेच्या प्रकारांत चित्त्याच्या शिकारीचा समावेश आहे. कोल्हापूरचे शिलाहार हे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते, ही बाब ध्यानात घेतली तर या क्रीडेचे दरबारी स्वरूप आपल्या प्रदेशाला किती जवळचे होते याची कल्पना येते.

मुघल काळात या परंपरेला प्रचंड विस्तार मिळाला. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त चित्त्यांची पकड, शिक्षण, शिधा आणि त्यांच्यासाठी नेमलेली माणसे यांची तपशीलवार माहिती येते. पूर्वी चित्ते पकडण्यासाठी खणलेले खड्डे खोल असत व त्यांत पडून प्राण्यांचे पाय मोडत. अकबराने खड्डे उथळ करविले. चित्ता शिकविण्यास पूर्वी दोन-तीन महिने लागत, ते काम अठरा दिवसांत होऊ लागले, असेही अबुल फजल नमूद करतो. ‘समंद मानिक’ नावाचा अकबराचा आवडता चित्ता पालखीसारख्या वाहनातून, पुढे नगारा वाजवीत मिरवला जाई. राजाचे कौतुक हा या नोंदींचा हेतू आहे हे उघडच आहे. तरीही प्राण्याला इजा होऊ न देता पकडणे व अल्पावधीत वळण लावणे हे एक स्वतंत्र शास्त्र मानले जात होते, हे त्यांवरून सिद्ध होते.

पकडणे आणि हाताळणी

शिकारीसाठी चित्त्याचे पिल्लू आणून वाढवले जात नसे, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. सावज कसे हेरावे, किती अंतरावरून झेप घ्यावी, कोठे पकडावे, हे शिक्षण पिल्लाला त्याची आई देते. माणसाला ते देता येत नाही. म्हणून जंगलात वाढलेला, शिकारीत तरबेज झालेला प्रौढ चित्ता पकडला जाई. चित्ते ज्या ठराविक झाडांपाशी वारंवार येतात, त्या झाडांभोवती फासे लावून त्यांना पकडण्याची कला पारध्यांना अवगत होती. अशा रीतीने रानाने शिकवलेल्या प्राण्याला आता माणसाची सवय तेवढी लावायची असे.

एकोणिसाव्या शतकातील वर्णनांवरून या प्रक्रियेचे टप्पे स्पष्ट होतात. प्रथम चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवली जाई. दिसणे बंद झाले की भयाचे एक मोठे कारण नाहीसे होई. गळ्यात पट्टा व कमरेला दुसरा पट्टा बांधून दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणलेल्या असत, जेणेकरून त्याला पुढे झेप घेता येऊ नये व मागेही वळता येऊ नये. त्याला बाजेवर बसविण्याची सवय लावली जाई. सुरुवातीला झोप मोडणे व आहार कमी ठेवणे यांचा अवलंब होई. त्यानंतर खाणे नेहमी एकाच माणसाच्या हातून, लांब दांड्याच्या लाकडी पळीतून दिले जाई. पळी दिसली म्हणजे अन्न मिळणार, ही खूणगाठ प्राण्याच्या मनात पक्की बसे. शिकारीच्या वेळी सावजावर बसलेल्या चित्त्याला बाजूला काढण्याचे साधनही हीच पळी होती. सावजाचे रक्त तिच्यात घेऊन ती चित्त्यापुढे धरली जाई आणि तेवढ्यात त्याच्या डोळ्यांवर पुन्हा टोपी चढे.

जॉन लॉकवुड किपलिंग हे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिक्षक होते. त्यांच्या १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील माणूस व प्राणी यांवरील ग्रंथात चित्त्याच्या शिक्षणाचे वर्णन आहे. चित्त्याला माणसाच्या आवाजाची सवय व्हावी यासाठी बायका-मुलांना त्याच्याजवळ बसून सतत बोलत राहण्याचे काम दिले जाई, हा त्यातील तपशील उल्लेखनीय आहे. रखवालदार व चित्ता यांचे अंथरूणही बहुधा एकच असे. याचा अर्थ असा की ही हाताळणी एकट्या पुरुषाची कामगिरी नव्हती. संपूर्ण कुटुंब त्यात गुंतलेले असे आणि घराचा एक भाग त्या प्राण्याने व्यापलेला असे. स्त्रिया व मुलांच्या या श्रमाची दखल दरबारी इतिहासात घेतली गेलेली नाही.

बाहेर फिरवणे

हाताळणीच्या जोडीला दुसरे महत्त्वाचे अंग म्हणजे चित्त्याला रोज बाहेर नेणे. बंदिस्त राहिलेला चित्ता निकामी होतो, हे रखवालदारांना अनुभवाने ठाऊक होते. त्याचे स्नायू सैल पडतात, तो गाडीला, घोड्याला, गलक्याला बुजतो आणि माळावर नेल्यावर सावजाकडे लक्ष देत नाही. म्हणून त्याला दोरीवर धरून गर्दीच्या रस्त्यांतून, बाजारांतून फिरवले जाई. कुत्री, बैल, गाड्या, फेरीवाले यांचा आवाज व वास त्याच्या अंगवळणी पडावा हा त्यामागील हेतू होता. आरंभी टोपी घालून व नंतर हळूहळू ती काढून हे फिरवणे होई.

या फिरण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आजच्या भाषेत आपण त्याला प्राण्याचा व्यायाम किंवा विरंगुळा म्हणू. त्या काळी मात्र तो शिक्षणाचाच एक भाग होता. चित्ता बाहेर येई तो माणसाच्या जगाला सरावण्यासाठी. माळरानावर त्याला सोडले जाई तेही एका धावेपुरतेच. काळविटांना शेतकऱ्यांच्या बैलगाड्यांचे भय वाटत नसे. म्हणून गाडीवर चित्ता बसवून, वळसे घेत कळपाच्या जवळ जाऊन टोपी काढली जाई. चित्ता बहुधा नर काळवीट निवडी. धाव साधली तर सावज सापडे. साधली नाही तर तो दमून बसून राही आणि रखवालदार पळी घेऊन त्याच्याजवळ जाई. त्या वेळी त्याच्या अंगावर दोरी नसे, तो पळून जाऊ शकत असे. तरी तो थांबे, कारण दमलेल्या प्राण्याला अन्नाची ओळखीची खूण दिसत असे. चित्तेवानाच्या साऱ्या कौशल्याची कसोटी या एका क्षणी लागत असे.

कोल्हापूर संस्थानातील परंपरा

शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या चरित्रकारांनी त्यांच्या शिकारीच्या आवडीचे व प्राण्यांविषयीच्या जाणकारीचे उल्लेख केले आहेत. घोडे, हत्ती, कुत्री व शिकारी प्राणी यांची निगा राखणाऱ्या माणसांत मिसळून ते प्रत्यक्ष काम पाहत असत. कोल्हापुरात चित्त्यांच्या रखवालदारांना ‘चित्तेवान’ म्हटले जाई. शिकारीसाठी बैलगाडीऐवजी ‘ब्रेक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घोडागाड्यांचा वापर हे कोल्हापूरचे वैशिष्ट्य होते. शाहू महाराजांच्या निधनानंतर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतही (१९२२ ते १९४०) ही परंपरा चालू राहिली आणि संस्थानाच्या पाहुण्यांसाठी चित्त्याची शिकार हा आतिथ्याचा एक भाग बनला.

मात्र या काळातील एक मूलभूत बदल ध्यानात घेतला पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय चित्ता रानात इतका दुर्मिळ झाला होता की संस्थानांना तो पकडून आणणे अशक्य होऊ लागले. परिणामी आफ्रिकेतून चित्ते मागविण्यास सुरुवात झाली. इ.स. १९१८ ते १९४५ या काळात भारतीय संस्थानिकांनी आफ्रिकेतून सुमारे २०० चित्ते आणविल्याचे अभ्यासकांनी म्हटले आहे. दिव्यभानुसिंह यांच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चित्त्यावरील ग्रंथाने हा इतिहास प्रथमच सलगपणे मांडला. म्हणजे कोल्हापूरच्या माळावर धावणारे या काळातील चित्ते मुख्यतः परदेशी होते. हाताळणीची कला येथील, काळवीट येथील, गाडी येथील, पण चित्ता समुद्रापलीकडचा, असे या परंपरेचे उत्तरकालीन स्वरूप होते. शिक्षणाचे शास्त्र जिवंत राहिले आणि ज्याच्यासाठी ते निर्माण झाले तो प्राणी मात्र संपत गेला.

चित्तेवान व पारधी : ज्ञान आणि सामाजिक स्थिती

चित्त्याविषयीचे सर्व व्यावहारिक ज्ञान दोन वर्गांकडे होते. पकडण्याचे ज्ञान पारध्यांकडे व शिकविण्याचे ज्ञान पिढीजात रखवालदारांकडे. पारध्यांमध्ये चित्त्याकरवी शिकार करणारा स्वतंत्र गट असल्याची नोंद रसेल व हिरालाल यांच्या १९१६ मधील मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात आढळते. मुघल दरबारापासून संस्थानांपर्यंत ज्या क्रीडेने राजवैभव मिरवले, तिचा पाया या जमातींच्या ज्ञानावर उभा होता.

वासाहतिक शासनाने मात्र १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व त्याच्या पुढील विस्ताराने अशा अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. ठराविक वेळी हजेरी देणे व परवानगीशिवाय गाव न सोडणे अशी बंधने त्यांच्यावर आली. रानाची वाट ज्यांना सर्वांत जास्त ठाऊक होती, त्यांच्याच फिरण्यावर नियंत्रण आले. या पार्श्वभूमीवर शाहू महाराजांचे धोरण वेगळे ठरते. त्यांनी फासेपारध्यांना काम दिले, त्यांच्यावर विश्वास टाकला आणि १९१८ मध्ये संस्थानात अशा जातिजमातींची हजेरी बंद केली. या धोरणाचा अभ्यास आजवर सामाजिक न्यायाच्या अंगाने झाला, व तो योग्यच आहे. प्राण्यांविषयीच्या ज्ञानाच्या अंगानेही त्याकडे पाहिले जाणे इष्ट ठरेल. ज्या राजाला रानाची व जनावरांची जाण होती, त्याला ती जाण असलेल्या माणसांची किंमत कळणे स्वाभाविक होते, असे म्हणता येईल.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. त्याच वर्षी चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. हा केवळ योगायोग आहे. तथापि, एका कलेचे जाणकार कायद्याच्या बंधनातून मुक्त झाले त्याच वर्षी त्या कलेचा विषय अधिकृतपणे संपुष्टात आला, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे.

पट्टा निसटलेला चित्ता

आता या निबंधाच्या मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. इतकी कुशल हाताळणी, इतके नियमित फिरवणे, राजाश्रय आणि मुबलक आहार असूनही चित्ता पाळीव का होऊ शकला नाही?

याचे उत्तर जहांगीरच्या आत्मचरित्रातील एका नोंदीत सापडते. आपल्या वडिलांनी एका वेळी हजार चित्ते जमविले होते व त्यांची पैदास व्हावी अशी त्यांची फार इच्छा होती, असे तो सांगतो. नर-मादींना बागांमध्ये एकत्र सोडूनही पाहिले गेले, परंतु उपयोग झाला नाही. पुढे जहांगीरच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, एका नराच्या गळ्यातील पट्टा निसटला. तो स्वतःहून एका मादीकडे गेला आणि यथावकाश तिला तीन पिल्ले झाली. बंदिवासातील चित्त्याच्या पैदाशीची विसाव्या शतकापूर्वीची ही एकमेव ज्ञात नोंद होय. त्यानंतरची नोंद थेट १९५६ मधील, अमेरिकेतील फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयाची आहे.

आधुनिक संशोधनाने या नोंदीचा अर्थ उलगडला आहे. चित्त्याची मादी एकटी राहते, तर नर बहुधा दोघा-तिघांच्या गटाने राहतात. नर-मादी सतत एकत्र ठेवल्यास त्यांच्यात समागम सहसा होत नाही. त्यांना वेगळे ठेवून योग्य वेळी जवळ आणणे, मादीला निवडीस वाव देणे व पुरेशी जागा उपलब्ध करणे आवश्यक असते. इंग्लंडमधील व्हिप्सनेड येथे १९६७ मध्ये आणि त्यानंतर दक्षिण आफ्रिकेत १९७१ मध्ये स्थापन झालेल्या डी विल्ट केंद्रात अशाच पद्धतींनी यश मिळाले. बागेत एकत्र सोडलेले चित्ते आणि पट्टा निसटून स्वतःहून गेलेला चित्ता यांतील फरक हाच होता. पहिल्या प्रसंगात माणसाने जागा दिली, दुसऱ्यात प्राण्याने वाट निवडली.

दरबारी व्यवस्थेने चित्त्याला बाहेर नेले, पण निवड कधी दिली नाही. परिणामी प्रत्येक नव्या चित्त्यासाठी रानातूनच भर घालावी लागली. शतकानुशतके चाललेली ही उचल, माळरानांचे शेतीत झालेले रूपांतर, काळविटांची घट आणि ब्रिटिश काळात हिंस्र प्राणी म्हणून दिली गेलेली मारण्याची बक्षिसे या सर्वांचा एकत्रित परिणाम झाला. बक्षिसांच्या धोरणाकडे महेश रंगराजन यांच्या संशोधनाने लक्ष वेधले आहे. एकट्या राजेरजवाड्यांच्या शिकारीला दोष देणे ऐतिहासिकदृष्ट्या अपुरे ठरेल. परंतु ज्या प्राण्याची पैदास बंदिवासात होत नाही, त्याचा छंद रानाच्या खर्चानेच चालतो, हे नाकारता येत नाही.

एक तुलना : हात आणि ऊन

हाताळणी व बाहेर नेणे यांचा संबंध प्रत्येक प्राण्यात सारखा नसतो, हे दाखविण्यासाठी एका अगदी वेगळ्या प्राण्याचे उदाहरण घेता येईल. रंग बदलणारा शॅमेलिऑन सरडा पाळण्याचा छंद युरोपात जुना आहे. सतराव्या शतकात मादलेन द स्कुदेरी या फ्रेंच लेखिकेने इजिप्तमधून आलेले दोन शॅमेलिऑन पॅरिसमध्ये सांभाळले व त्यांच्याविषयी लिहिले. या प्राण्याला उन्हाची गरज असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांवाचून त्याच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही व हाडे कमकुवत होतात. म्हणून त्याला बाहेर फांदीवर, सावलीची सोय ठेवून बसविणे हितकारक असते. परंतु माणसाचा हात त्याला मानवत नाही. वारंवार उचलल्यास तो ताणाखाली येतो, गडद होतो, तोंड वासतो, खाणे सोडतो. अशा वेळी पुढे धरलेल्या फांदीवर त्याला स्वतः चढू देणे हीच योग्य हाताळणी ठरते. चित्ता हाताला सरावला पण कळपात वाढला नाही, शॅमेलिऑन उन्हात जगतो पण हाताला सरावत नाही. दोहोंचा निष्कर्ष एकच निघतो : प्राण्याला काय हवे हे माणसाच्या हौसेवरून ठरत नाही. भारतातील स्थानिक शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये पाळता येत नाही, तर परदेशी संरक्षित प्रजातींसाठी २०२४ च्या नियमांनी नोंदणीची व्यवस्था केली आहे. कोल्हापूरसारख्या शहरांतील दुकानांतून परदेशी प्राण्यांची मागणी वाढत असताना या इतिहासाचे स्मरण उपयुक्त ठरावे.

विलीनीकरणानंतर

इ.स. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात (आजचे छत्तीसगड) तीन चित्ते मारले गेले. भारतीय चित्त्याची ती शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि शिकारीच्या प्राण्यांचा खर्च उचलणारी व्यवस्थाच उरली नाही. चित्तेवानांचे काम संपले. पुढे १९७२ च्या कायद्याने काळविटाला संरक्षण मिळाले. दाजीपूरचे जंगल, जे संस्थानाचे शिकारीचे रान होते, ते १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य घोषित झाले. शिकारीचे रान संरक्षित झाले, पण चित्त्याचे माळरान मात्र पडीक जमीन समजून वापरले गेले, हा फरकही नोंदविण्यासारखा आहे.

सत्तर वर्षांनंतर १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ व १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणण्यात आले. मार्च २०२३ मध्ये तेथे पिल्लेही जन्मली. त्याच वर्षी पावसाळ्यात गळ्यातील रेडिओ पट्ट्यांखाली जखमा होऊन संसर्ग झाल्याचे आढळले आणि मोकळे सोडलेले चित्ते पुन्हा कुंपणाच्या आत घेतले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना पुन्हा रानात सोडण्यास सुरुवात झाली. येथेही पट्टा आहे, आफ्रिकेहून आलेला प्राणी आहे आणि किती बाहेर सोडावे हा प्रश्न आहे. हेतू मात्र बदलला आहे. संस्थानात चित्ता बाहेर सोडला जाई तो परत येण्यासाठी, आज तो सोडला जातो तो परत न येण्यासाठी.

निष्कर्ष :

१) चित्त्याची हाताळणी ही एक विकसित लोकविद्या होती. टोपी, पट्टा, बाज, पळी व मानवी आवाज ही तिची साधने होती आणि तिच्यात रखवालदाराच्या संपूर्ण कुटुंबाचा सहभाग होता.
२) रोज बाहेर फिरवणे हा दयेचा किंवा विरंगुळ्याचा भाग नसून माणसाळवण्याच्या पद्धतीचाच अविभाज्य घटक होता.
३) कोल्हापूर संस्थानाने ही विद्या तिच्या अखेरच्या पर्वात जतन केली. परंतु तोपर्यंत भारतीय चित्ता दुर्मिळ झाल्याने ती आफ्रिकी चित्त्यांवर अवलंबून राहिली.
४) पारधी व चित्तेवान यांचे ज्ञान राजवैभवाचा आधार होते, तरीही इतिहासलेखनात त्यांना गौण स्थान मिळाले. संस्थानी दप्तरांतील पगार, शिधा व खर्चाच्या नोंदींच्या आधारे या वर्गाचा स्वतंत्र इतिहास लिहिला जाणे आवश्यक आहे.
५) बाहेर नेणे आणि मोकळीक देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत दोरीचे एक टोक माणसाच्या हाती असते, दुसरीत प्राण्याला निवड असते. जहांगीरच्या काळातील पट्टा निसटलेल्या चित्त्याने जे दाखवून दिले, ते समजण्यास प्राणिशास्त्राला साडेतीनशे वर्षे लागली.

प्राणी हाताळण्याचे कौशल्य कितीही थोर असले तरी ते प्राण्याच्या अस्तित्वाची हमी देऊ शकत नाही, ही बाब कोल्हापूरच्या चित्त्यांच्या इतिहासातून स्पष्ट होते. ती हमी रान आणि रानातील मोकळीकच देऊ शकते. म्हणूनच उरलेल्या माळरानांकडे केवळ पडीक जमीन म्हणून न पाहता एका हरवलेल्या सहवासाचे स्थान म्हणून पाहणे हे इतिहासाच्या अभ्यासकांचेही कर्तव्य आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.